चौकट आणि खिडकी

आईच्या हातची ओव्यांची एक वही आमच्याकडे आहे. कागद पिवळा पडून कडा तुटू लागल्या, तेव्हा ती संगणकावर उतरवून ठेवण्याचे आम्ही मनावर घेतले. लेखनासाठी आम्ही 'ईमॅक्स' वापरतो. अर्ध्या पडद्यावर वहीची छायाचित्रे आणि अर्ध्यावर ईमॅक्स अशी मांडणी करू गेलो, तर खिडकी ओढावी तशी सरकेना. ती लहान लहान उड्या घेई आणि पडद्याच्या कडेला चिंचोळी फट उरे. पूर्ण पडदा व्यापण्याची आज्ञा दिली तरी फट होतीच.

आमचा पहिला संशय देवनागरीवर गेला. काना-मात्रा, जोडाक्षरे यांच्या रुंदीचा हिशेब यंत्राला लागत नसावा, असे आम्ही धरून चाललो. टंकाचा आकार बदलून पाहिला. फट कमीजास्त झाली, गेली नाही. संशय अधिकच बळावला. अखेर वही रोमन लिपीत उतरवावी असे ठरवले आणि अकरा ओव्या तशा उतरवल्याही. अकराव्या ओवीनंतर ध्यानात आले, की समोर देवनागरीचे एकही अक्षर नाही आणि फट जागच्या जागी आहे.

मग आम्ही मार्गदर्शिका उघडली. 'विंडो' या शब्दाखाली उत्तर सापडेना. ईमॅक्स १९७६ साली एमआयटीत जन्मला, आजच्यासारख्या खिडक्या घरोघरी पोचण्यापूर्वी. त्याच्या परिभाषेत 'विंडो' म्हणजे आतला एक भाग. आपण जिला खिडकी म्हणतो, ती त्याची 'फ्रेम', म्हणजे चौकट. शब्द बदलून शोधताच उलगडा झाला. ही चौकट पिक्सेलांत नव्हे, अक्षरांच्या घरांत मोजली जाते. मूळ टंकाच्या एका अक्षराची रुंदी आठ पिक्सेल असेल, तर चौकट आठाआठानेच वाढते; उरलेले चार-पाच पिक्सेल बाहेर राहतात. उंचीचा हिशेब तसाच ओळींवर चालतो. ऐंशी स्तंभ आणि चोवीस ओळींच्या जुन्या टर्मिनलांवर पडदाच अक्षरांचा बनलेला असे. तो संस्कार येथे टिकून आहे. म्हणजे हा दोष नव्हेच, जुने वळण आहे. ते सोडायचे असल्यास २०१४ सालच्या २४.४ या आवृत्तीपासून 'फ्रेम-रिसाइझ-पिक्सेलवाइज' नावाची सोय आहे. आरंभीच्या फाइलीत तिचे मूल्य 'निल'ऐवजी 'टी' केले, ईमॅक्स पुन्हा सुरू केला, आणि फट मिटली. एका ओळीचे काम.

फट मिटल्याचा आनंद झाला. पण मनात राहिले ते वेगळेच. वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असतो, की आधी संहिता नीट पाहा, शब्द त्या काळात कोणत्या अर्थाने वापरला आहे ते तपासा आणि मगच निष्कर्ष काढा. घरी मात्र पुरावा पाहण्याआधीच आम्ही आपल्या लिपीला दोषी ठरवले. यंत्रापाशी काही अडले, की उणीव मराठीतच असणार, हे आम्ही इतके गृहीत धरले होते, की साधी इंग्रजी फाइल उघडून पाहण्याचेही सुचले नाही.

त्या अकरा ओव्या पुन्हा देवनागरीत आणायला दोन संध्याकाळी लागल्या. आमच्या रोमन लेखनात 'ळ' आणि 'ल' यांना एकच अक्षर होते. एका ओवीत 'वेळ' होती की 'वेल', ते आम्हांलाच सांगता येईना. वही काढून पाहावे लागले. आईने 'वेळ' लिहिले होते.