कंपूटरात सावली पडती का?

शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन लॅपटॉप उघडायचा आणि ऑफिसशी काडीचाही संबंध नसलेला कोड लिहीत बसायचं, ही माझी जुनी खोड. (बायको याला नुसतं 'तुझं ते' म्हणते.) मागच्या वर्षी 'ते' म्हणजे द्राक्षाची वेल होती, आणि त्या वेलीनं आमच्या आण्णांच्या बागेतल्या चार ओळी खाल्ल्या. त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात झाली ती 'द अल्गोरिदमिक ब्यूटी ऑफ प्लांट्स' या १९९० सालच्या पुस्तकापासून. लेखक प्रुसिंकेविच आणि लिंडेनमायर. नेटवर फुकट मिळतं, चित्रं बघायला तरी उघडाच. यातला लिंडेनमायर मूळचा हंगेरीचा जीवशास्त्रज्ञ. पेशींची साखळी कशी वाढते हे मांडायला त्यानं १९६८ साली एक व्याकरण काढलं. नियम फक्त दोन: 'क' दिसला की त्याचा 'कख' करा, 'ख' दिसला की त्याचा 'क' करा. आणि हे सगळ्या अक्षरांना एकाच वेळी लावा, कारण झाडाचे सगळे भाग एकाच वेळी वाढत असतात. क, कख, कखक, कखककख... लांबी मोजा: १, २, ३, ५, पुढची ८. फिबोनाची! फांद्यांसाठी चौकोनी कंस. कंस उघडला की आत्ताची जागा आणि दिशा स्टॅकवर पुश, फांदी काढायची, कंस बंद झाला की पॉप करून परत खोडावर. झाड म्हणजे रिकर्शन, बास. पायथनमध्ये पन्नास-साठ ओळींत स्क्रीनवर वेल डोलायला लागली आणि मी हवेत.

आता शहरातल्या मंडळींसाठी थोडं द्राक्षपुराण. आमची तासगाव तालुक्यात दोन एकर थॉमसन आहे. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी. एप्रिलनंतर फुटी येतात, त्यांच्या काड्या होतात, आणि साधारण चाळीस ते सत्तर दिवसांच्या दरम्यान त्या काड्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात. डोळ्यांनी दिसत नाहीत, मायक्रोस्कोपच लागतो. ऑक्टोबरात छाटलं की तेच घड बाहेर येतात. म्हणजे मे-जूनमध्ये जे ठरलं ते दिवाळीच्या आसपास कळतं.

खरड छाटणीनंतर आण्णा फुटींची विरळणी करतात. झाडावर तीस-पस्तीस काड्या ठेवून बाकीच्या काढून टाकतात. मला हे कधी पटलंच नव्हतं. माझं मॉडेल सरळ होतं: काड्या गुणिले डोळे बरोबर घड. फुकट आलेली फूट काढायची कशाला? एप्रिलमध्ये घरी गेलो, लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि आण्णांना हिरवीगार वेल दाखवली. "पन्नास ठेवून बघा."

आण्णा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चार ओळी तुझ्या. बघ करून."

ऑक्टोबर छाटणीनंतर तीनेक आठवड्यांनी गेलो. आण्णांच्या ओळींत घड लोंबत होते. माझ्या ओळींत निम्मेसुद्धा नव्हते. नुसता पाला. औषधं, मजुरी, खत सगळं तेवढंच लागलेलं. आण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "आरं, तुझ्या कंपूटरात सावली पडती का?"

नव्हती पडत.

थोडक्यात म्हणजे बग मे महिन्यात आणि क्रॅश ऑक्टोबरात. मधल्या पाच महिन्यांची लॉग फाइल नाही.

पुण्याला येऊन नीट वाचायला बसलो. द्राक्षाच्या एका पानातून पलीकडे दहा टक्क्यांहून कमी प्रकाश जातो. दोन-तीन थर झाले की खालच्या डोळ्याला जवळपास अंधारच. आणि घड तयार व्हायला त्या दिवसांत डोळ्यापाशी ऊन लागतं. म्हणजे माझ्या पन्नास काड्यांनी एकमेकींचेच घड मारले होते. लिंडेनमायरच्या साध्या नियमांत प्रत्येक अक्षर फक्त स्वतःकडे बघतं. प्रुसिंकेविच आणि मंडळींनी १९९६ साली हीच उणीव भरून काढली: झाड आणि परिसर एकमेकांना निरोप पाठवतात. मी आपला १९६८ सालीच अडकलो होतो.

त्याही आधी, १९५३ साली, मोन्सी आणि साएकी या दोन जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं की पानांच्या थरांतून खाली उतरताना प्रकाश घातांकी पद्धतीनं कमी होतो. समजा जमिनीच्या तिप्पट क्षेत्रफळाची पानं वर आहेत आणि गुणांक ०.६ आहे, तर खाली पोचतं फक्त १६-१७ टक्के ऊन. एका ओळीचं सूत्र. माझ्या कोडमध्ये तेवढी एकच ओळ नव्हती.

डिसेंबरात आण्णांना विचारलं, "नेमक्या किती फुटी काढायच्या हे तुम्ही कसं ठरवता?" इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, "मोजत न्हाई. बारा वाजता मांडवाखाली उभं ऱ्हायाचं. भुईवर उनाची नक्षी दिसली पायजे. नुसती सावली दिसली तर काढायचं, नुसतं ऊन दिसलं तर लई काढलं."

मी गप्प. शास्त्रज्ञ पानांचं प्रमाण मोजायला खालून आकाश किती दिसतं ते बघतात, आणि सूत्र उलटं फिरवतात. आण्णा आयुष्यभर तेच करत आलेत, फक्त मान खाली घालून.

यंदा मे महिन्यात मी आठवडाभर सुट्टी टाकून गेलो. आण्णांचा गुडघा आता फार वेळ उभं राहू देत नाही. रोज दुपारी बाराला मी मोबाइलवर भुईचे फोटो काढले, ते उंबऱ्यावर बसून एकेक बघायचे. "हितं दाट हाय." "हे बरं." "हे लई मोकळं." मी प्रत्येक फोटोत उन्हाचे पिक्सेल मोजून शेजारी त्यांचा शेरा लिहीत गेलो. शेवटी मॉडेलमध्ये ऊन आलं आणि त्यानं आकडा दिला: अठ्ठावीस काड्या. आण्णा म्हणाले बत्तीस.

दोन ओळी अठ्ठावीसच्या ठेवल्यात, बाकी सगळी बाग बत्तीसची. चार ओळी मागायची हिंमत झाली नाही, आणि दोन त्यांनीच दिल्या.

कोण बरोबर ते ऑक्टोबरात कळेल. बत्तीस निघालं तर मला खरं तर आनंदच होईल. पण ती फोटोंची आणि शेऱ्यांची फाइल मात्र मी तीन ठिकाणी बॅकअप करून ठेवलीय.