एक बाजू

माझ्याकडे गाणं ऐकायला येणाऱ्याला मी एकच बाजू ऐकवते. एलपीची एक बाजू म्हणजे साधारण वीस मिनिटं. पाहुण्यानं कपाटासमोर उभं राहून हवी ती तबकडी काढावी, नाहीतर निवड माझ्यावर सोपवावी. सुई टेकली की बोलायचं नाही. बाजू संपून सुई शेवटच्या रित्या वळणात खरखरू लागली की मग चहा. पुण्यातल्या या घरात रविवारची संध्याकाळ बरीच वर्षं अशी जाते.

कपाटात तीनशेच्या आसपास तबकड्या आहेत, खालच्या खणात कॅसेट, एका खोक्यात सीडी. काही मिरजेच्या घरातून आल्या, काही मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर गुडघे टेकून शोधलेल्या, काही काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून पहिल्या पगारात घेतलेल्या. ऱ्हिदम हाउस 2016 साली बंद झालं. त्याच्या पिशव्या मी अजून जपल्या आहेत. अमीर खाँच्या शेजारी माइल्स डेव्हिस, त्याला टेकून लोर्ना, पलीकडे ग्लेन गूल्ड. हे सगळं कुठल्या क्रमानं लावलं आहे, असं लोक विचारतात. जसं घरात आलं तसंच ते उभं आहे.

सगळ्यात आधी आली ती अण्णांची, माझ्या वडिलांची, लाखेची तबकडी. हो, बांगड्यांची तीच लाख. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या काळ्या तबकड्या तिच्यापासूनच बनत, म्हणून तर हातातून निसटली की काचेसारखे तुकडे. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. गौहर जाननं 1902 साली कलकत्त्यात रेकॉर्डिंग केलं तेव्हा गाण्याच्या शेवटी तिला आपलं नाव इंग्रजीत पुकारावं लागलं, कारण तबकड्या छापल्या जाणार होत्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या माणसांना ही कुणाची हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. एवढ्या थोड्या वेळात राग मांडायचा म्हणजे अख्खा वाडा उंबऱ्यावरून दाखवायचा. त्या पिढीनं तो दाखवला.

अण्णांची ती तबकडी अब्दुल करीम खाँसाहेबांची, झिंझोटीतली ठुमरी. मिरजेत खाँसाहेब गेलेले माणूस वाटतच नाहीत. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, उरसाला तिथे रात्रभर गाणं होतं, आणि आमच्या लहानपणी म्हातारी माणसं त्यांचा उल्लेख शेजारी राहणाऱ्या वडीलधाऱ्यासारखा करीत. अण्णा ही तबकडी आम्हाला ऐकवायचे ती एका गोष्टीसकट. गदगमध्ये एका दुकानात हीच ठुमरी वाजत होती, समोर एक शाळकरी मुलगा उभा राहून ऐकत होता, आणि असं गायला शिकायचं म्हणून पुढे तो घर सोडून निघून गेला. गुरूच्या शोधात विनातिकीट उत्तरेकडे भटकला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. लहानपणी मला त्या मुलाइतकंच दुकानदाराबद्दलही वाटायचं. त्यानं तबकडी स्वतःपुरती वाजवली असती, दार लोटून घेतलं असतं, तर? अण्णा म्हणायचे, "दुकान उघडं होतं, एवढं पुरे झालं."

ती तबकडी आता वाजत नाही. अण्णा गेल्यावर वर्षभर सगळा गठ्ठा माळ्यावर आडवा पडून राहिला, वर ट्रंका. खाली आणला तेव्हा तीन फुटल्या होत्या, त्यांत ही होती. तुकडे मी टाकले नाहीत.

मला कुणी विचारलं की या कपाटातली एकच वाचवायची झाली तर कुठली, तर मी क्षणभरही न थांबता अमीर खाँसाहेबांची सांगेन. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं 1948 साली लाँग प्ले आणली, मग ती आपल्याकडे आली, आणि तीन मिनिटांत कोंडलेल्या ख्यालाला अंगण मिळालं. पण नुसती जागा मिळून काय होतं? ती कशी वापरायची हे अमीर खाँसाहेबांना कळलं होतं. मारव्यात पंचम नाही. षड्ज आहे, पण गायक त्याच्यावर लवकर टेकत नाही. कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत यांच्यात तो फिरत राहतो, आणि ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन वीतभर सरकलेली असते. खाँसाहेबांच्या अतिविलंबित लयीत तो षड्ज इतका दूर जातो की शेवटी येतो तेव्हा छातीतून श्वास सुटतो. त्यांचा आवाज वर चढण्यापेक्षा खाली उतरताना मोठा होतो. मला खर्ज म्हणजे काय ते या बाजूनं शिकवलं, गाण्याच्या क्लासानं नव्हे.

मारवा सूर्य मावळतानाचा. म्हणून ही बाजू मी दिवा न लावता ऐकवते. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचं ऊन विटत जातं, खोलीतल्या माणसांचे चेहरे पुसट होतात, आणि बाजू संपते तेव्हा खरोखर अंधार पडलेला असतो. दरबारी मात्र लगेच लावायची नाही. दरबारी रात्रीची, मधे जेवण हवं, भांडी आवरायला हवीत, रस्त्यावरची वर्दळ थांबायला हवी. एका तबकडीच्या दोन बाजूंमध्ये चार तासांचं अंतर. एका रविवारी मारवा ऐकलेला एक पाहुणा दरबारीसाठी थांबला आणि शेवटची बस चुकवून आमच्याकडेच झोपला. सकाळी निघताना म्हणाला, "ताई, रात्रभर तो गंधार डोक्यात हलत होता." दरबारीचा आंदोलित कोमल गंधार ज्याच्या डोक्यात हलतो त्याला मी आपला माणूस समजते.

'कॉल ऑफ द व्हॅली' लहान मुलांसाठी आहे असं माझं मत आहे, आणि यात त्या तबकडीचा मोठाच सन्मान आहे. 1967 साली शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची मांडीवर आडवी घेऊन वाजवलेली गिटार यांनी काश्मीरच्या मेंढपाळाचा एक दिवस उभा केला, पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. शेजारच्या दुसरीतल्या मुलीला रागाचं नाव न सांगता ती ऐकवली, तर मधेच तिनं विचारलं, "आता मेंढ्या घरी चालल्या का?" खरंच चालल्या होत्या.

माइल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू' मी चोरबाजारातून आणलं. कव्हरावर कुणा अनोळखी माणसानं निळ्या शाईत तारीख घातलेली होती. 1959 सालचं ध्वनिमुद्रण, न्यूयॉर्कच्या थर्टीएथ स्ट्रीटवर, एका जुन्या चर्चचा कोलंबियानं स्टुडिओ केला होता तिथे. सोबत जॉन कोल्ट्रेन, कॅननबॉल अ‍ॅडर्ली, पियानोवर बिल इव्हान्स. वादकांपुढे बांधलेल्या चिजा नव्हत्या, नुसते आराखडे होते, तेही ऐनवेळी दिलेले. कुठल्या सुरांत हिंडायचं ते ठरलेलं, बाकीचं त्या घडीला सुचेल तसं. मैफलीत बसणाऱ्याला हे नवं नाही. पण मला ते कळलं ते मिरजेहून आलेल्या चाचांमुळे. चाचांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनतात. जवारी काढता काढता त्यांचा कान असा झाला आहे की केसाएवढा फरक त्यांना टोचतो. मी पहिली बाजू लावली. चाचा डोळे मिटून बसले. थोड्या वेळानं बोटानं मांडीवर सूर मोजत म्हणाले, "हे तर काफीचं घर हाय की!"

आणि होतंच ते. गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. सोळा आवर्तनं त्या घरात, मग आठ आवर्तनं तेच घर जसंच्या तसं अर्ध्या सुरानं वर उचललेलं, मग पुन्हा आठ खाली. चाचांनी तेही पकडलं. पुढे म्हणाले, "पण सूर पांढरी दोनचा धरलाय, आणि चढलाय बघ जरा. दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी." मी म्हटलं, माझं यंत्र जुनं आहे, वेग चुकत असेल. बाजू पलटून लावली तर सूर चोख. तेव्हा उलगडा झाला नाही, पुढे वाचनात आला. पहिल्या दिवशी स्टुडिओतलं टेपयंत्र किंचित सावकाश फिरत होतं, त्यामुळे त्या दिवसाच्या तिन्ही रचना, म्हणजे अख्खी पहिली बाजू, तबकडीवर जराशी चढी वाजते. ही चूक 1992च्या सीडीत दुरुस्त झाली. तीस वर्षांहून जास्त काळ जगानं ती बाजू चढ्या सुरात ऐकली, आणि आमच्या मिरजेच्या कानानं ती एका बैठकीत ओळखली. ही गोष्ट मी प्रत्येक पाहुण्याला सांगते.

त्याच चर्चच्या स्टुडिओत ग्लेन गूल्ड या कॅनडाच्या पियानोवादकानं 1955 साली बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' वाजवल्या. वय बावीस. अडतीस मिनिटांत सगळं संपतं, बोटं धावत असतात. मग 1981 साली तेच संगीत, तोच स्टुडिओ, आणि या वेळी एक्कावन्न मिनिटं. पियानोच्या मागे तो स्वतःशी गुणगुणताना ऐकू येतो. पुढच्याच वर्षी तो गेला, पन्नासाव्या वर्षी. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि मी फक्त सुरुवातीचा तो संथ स्वरबंध दोन्हींतून ऐकवते, एकापाठोपाठ एक. मला दुसरा जास्त आवडतो. पण पहिला ऐकल्याशिवाय दुसरा कळत नाही, म्हणून दोन्ही कव्हरं मी कधी वेगळी करत नाही.

लोर्नाची आणि क्रिस पेरीची कोंकणी तबकडी लहान आहे, 45ची. ती मला मडगावच्या एका मावशींनी दिली. देताना त्या बसून राहिल्याच नाहीत. पहिल्या वळणालाच त्यांचे खांदे हलायला लागले. क्रिस पेरीचा ट्रम्पेट आणि माइल्सचा ट्रम्पेट एकाच कपाटात असावेत हे मला फार योग्य वाटतं. गोव्याचे असे कितीतरी वादक मुंबईत रात्री हॉटेलांत जॅझ वाजवीत आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसत. आपल्या सी. रामचंद्रांना त्यांतलाच चिक चॉकलेट लाभला, 'अलबेला'चा ठेका त्यातून आला. ज्या संगीताला लोक परकं म्हणतात ते आपल्या आईवडिलांनी लग्नाच्या वरातीत ऐकलेलं असतं.

आईची कॅसेट मात्र मी कुणाला निवडू देत नाही, मीच लावते. 'राम श्याम गुणगान', 1985, संगीत श्रीनिवास खळे, गायला लता मंगेशकर आणि भीमसेन जोशी. गदगच्या दुकानासमोर उभा राहिलेला तो मुलगा असा फिरून आमच्या स्वयंपाकघरात आला. आई पोळ्या लाटताना ही कॅसेट लावायची. टेपरेकॉर्डरच्या बटणांवर कायम पीठ. एकदा टेप तुटली. अण्णांनी ब्लेडनं टोकं कापून चिकटपट्टीनं जोडली, पेन्सिल घालून गुंडाळली. जोडताना एका भजनातलं एक अक्षर गेलं. आता ते भजन सीडीवर, फोनवर, कुठेही अखंड ऐकलं तरी ते अक्षर आलं की मी दचकते. माझ्या कानात तिथे जागा रिकामी आहे आणि तिथे अण्णांचे दोन्ही अंगठे आहेत.

आणि एक तबकडी मी वाटत नाही. किशोरीताई आमोणकरांचा भूप. पाच सुरांचा राग, मध्यम नाही, निषाद नाही, आणि तरी त्यात कशाचीच उणीव वाटत नाही. मागच्या बाजूला बागेश्री. 3 एप्रिल 2017च्या रात्री किशोरीताई गेल्याची बातमी आली तेव्हा मी हीच लावून एकटी बसले होते. ती चार माणसांत लावून पाहिली आहे; मला नीट बसता येत नाही. काही गाणं एकट्याचंच असतं.

तबकड्या मी उसन्या देत नाही. एकदा दिली होती, ती दोन वर्षांनी ओरखड्यांसकट परत आली. पण त्यामुळे नाही. दिलेली तबकडी तो माणूस आपल्या घरी, आपल्या वेळी ऐकणार. तो कुठे थांबला, कुठे मान हलली, ते मला दिसणार नाही. आता मुलं मला फोनवर गाणी पाठवतात, मीही ऐकते, त्यातून कितीतरी नवं कळलं. मालीचा अली फार्का तुरे मला एका विद्यार्थिनीनं असाच पाठवला आणि मी त्याची सीडी शोधून आणली. पण ती सीडी पूर्ण ऐकली तेव्हा त्या मुलीला घरी बोलावून शेजारी बसवलं. चाचा शेजारी नसते तर मला काफी ऐकू आला नसता.

तुमच्या माळ्यावर अशा तबकड्या असतील तर आज खाली काढा. आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, उन्हापासून लांब, वर काही ठेवू नका. वाजवायला यंत्र नसेल तर पुण्यात माझ्याकडे आहे. रविवारी सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी या, आणि तुमच्या घरातली एक बाजू घेऊन या.