कर्नलसाहेबांच्या गावात

डिसेंबरच्या सुट्टीत इंदूरला जायचं ठरलं, तेव्हा सई माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होती. कारण क्रिकेट. सई तेरा वर्षांची आहे आणि न्यू जर्सीत आमच्या भागातल्या पंधरा वर्षांखालच्या संघात खेळते. खेळते म्हणजे, गेल्या हंगामात शेवटच्या काही सामन्यांत ती बारावी होती. त्यातल्या एका सामन्यात प्रशिक्षकांनी पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात जायला सांगितलं, तर ही बाई पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसली. "मी काय वेटर आहे का?" पुढच्या सामन्याला पोट दुखतंय म्हणून गेलीच नाही. मी रागावायला हवं होतं. रागावले नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

इंदूर माझं माहेर. आई-बाबा आता नाहीत, पण रामबागेत काका-काकू आहेत. काका ब्याऐंशीचे. त्यांचं मराठी अस्सल इंदुरी, म्हणजे अर्धं मराठी, अर्धं माळव्याचं. विमानतळावरून घरी पोचतो न पोचतो तोच त्यांनी सईला विचारलं, "काय भिया, क्रिकेट कसं चालून राहिलंय?" सईने माझ्याकडे पाहिलं. "भिया म्हणजे भैया. इथे सगळेच भिया," मी म्हटलं. क्रिकेटच्या प्रश्नाचं उत्तर तिने दिलंच नाही. काकांना ते बरोबर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला ते मफलर गुंडाळून दारात उभे. "चल, तुला गाव दाखवतो."

इंदूर दाखवतो म्हटलं की लोक आधी राजवाडा दाखवतात आणि रात्री सराफा. सराफ्यात आम्ही गेलोच. थंडीतले गराडू, भुट्ट्याचा कीस, दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणारे जोशी, सगळं झालं. त्याबद्दल या अंकात दुसरं कुणी लिहीलच. काकांचं इंदूर मात्र वेगळं होतं. त्याचा पहिला मुक्काम नेहरू स्टेडियम.

तिथे 'विजय बल्ला' आहे, सिमेंटची भलीमोठी बॅट. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडीजला आणि मग इंग्लंडला त्यांच्याच घरी हरवलं, त्याची आठवण म्हणून इंदूरकरांनी ती उभी केली. खेळाडूंची नावं तिच्यावर आहेत. तीनच वर्षांनी, १९७४ मध्ये, आपला संघ इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या हरला, तेव्हा चिडलेल्या लोकांनी हीच बॅट विद्रूप केली. नंतर ती पुन्हा नीट करण्यात आली. सई बॅटकडे बघत म्हणाली, "म्हणजे लोकसुद्धा हरले की गाडीत जाऊन बसतात." स्वतःवरच केलेला हा पहिला विनोद. मी मनात नोंद केली, बोलले काही नाही.

काका सांगत होते ते कर्नलसाहेबांचं. कर्नल सी. के. नायडू. जन्म नागपूरचा, पण १९२३ मध्ये होळकर महाराजांनी बोलावलं म्हणून इंदूरला आले, होळकरांच्या सैन्यात अधिकारी झाले आणि मग शेवटपर्यंत इथलेच. १९२६ साली मुंबईत एमसीसीविरुद्ध त्यांनी १५३ धावा ठोकल्या, त्यात अकरा षटकार. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला, तेव्हा कर्णधार तेच. एवढं पुस्तकात मिळतं. काकांनी मात्र दातांची गोष्ट सांगितली. १९५१-५२ चा रणजी अंतिम सामना, होळकर विरुद्ध मुंबई. नायडू छप्पन्न वर्षांचे. छप्पन्न! दत्तू फडकरांचा एक चेंडू थेट तोंडावर आला, दात पडले. नायडूंनी खेळपट्टीवर पडलेले दात बाजूला सारले आणि पुन्हा पवित्रा घेतला. त्या डावात त्यांनी ६६ धावा केल्या. होळकर संघ तो सामना हरला, हेही सांगायला हवं.

"डेंटिस्ट नव्हता का?" सईने विचारलं. काका इतके हसले की त्यांचीच कवळी सैल झाली.

पण मला त्या दातांपेक्षा या माणसाने आसपासच्या मुलांकडे कसं पाहिलं, ते जास्त महत्त्वाचं वाटतं. मुश्ताक अली इंदूरचेच. तेरा-चौदा वर्षांचे असताना नायडूंनी त्यांना हेरलं. १९३४ मध्ये कोलकात्यात त्यांना पहिली कसोटी मिळाली, ती डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून. फलंदाज म्हणून त्यांना तेव्हा कुणी मोजतच नव्हतं. अडीच वर्षांनी, १९३६ च्या मँचेस्टर कसोटीत, हाच मुलगा विजय मर्चंटांबरोबर सलामीला उतरला, दोघांनी २०३ धावांची भागी केली आणि मुश्ताकनी ११२ काढल्या. परदेशात कसोटी शतक करणारा तो पहिला भारतीय. संघात दार उघडलं होतं ते गोलंदाजीच्या बाजूने. 'मी तर फलंदाज आहे' म्हणून ते बाहेर उभे राहिले असते तर?

होळकर संघ हा आपल्या मराठी मुलांना माहीत असायला हवा असा विषय आहे. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत त्यांनी रणजीच्या दहा अंतिम फेऱ्या गाठल्या आणि चार वेळा चषक जिंकला. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध त्यांनी ८ बाद ९१२ धावा केल्या, एका डावात सहा शतकं. नावं वाचा: भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर, प्रतापसिंग. आपल्या मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीची यादी वाटते की नाही?

यातले चंदू सरवटे काकांचे लाडके. (इंदूरचं सरवटे बसस्टँड त्यांच्या नावाचं नाही, ते विनायक सीताराम सरवटे, म्हणजे तात्यांचं. मीसुद्धा लहानपणी घोळ करायचे.) होळकर संघासाठी शतक ठोकणारे हे सरवटे १९४६ मध्ये भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले. सरेविरुद्धच्या सामन्यात त्यांचा क्रमांक दहावा. अकरावे शुते बॅनर्जी. ९ बाद २०५ वर ही जोडी जमली. समोरचे लोक आता डाव संपला म्हणून मोकळे झाले असणार. या दोघांनी २४९ धावांची भागी केली. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतकं केल्याचं हे एकमेव उदाहरण. आणि पुढच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात मेलबर्नला भारताच्या डावाची सुरुवात करायला जे दोघे गेले, त्यात एक सरवटे होते.

सई हे लक्ष देऊन ऐकत होती, पण ती माझीच लेक. म्हणाली, "पण ज्यांना इतकं करूनही चान्स मिळत नाही, त्यांचं काय?"

काका थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी भाऊसाहेब निंबाळकरांचं सांगितलं. डिसेंबर १९४८, पुणे. महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ चा जागतिक विक्रम नऊ धावांवर होता. जेवणाच्या सुट्टीत काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला आणि संघ निघून गेला. निंबाळकरांना कसोटी एकदाही खेळायला मिळाली नाही.

"मग उपयोग काय?" सई.

"काही नाही. त्यांना खेळवायला पाहिजे होतं," काका म्हणाले. मला वाटलं पुढे ते काही शहाणपणाचं बोलतील, पण नाही बोलले. नंतर गाडी सुरू करताना एवढंच म्हणाले, "खेळणं मात्र त्यांनी सोडलं नाही. मी शाळेत होतो तेव्हा ते होळकरांकडून खेळून राहिले होते."

आताच्या मुलांना १९४८ म्हणजे अश्मयुग. म्हणून दुपारी होळकर स्टेडियमच्या बाहेर उभं राहून मी सईला अलीकडची गोष्ट सांगितली. रजत पाटीदार. इंदूरचा मुलगा. २०२२ च्या आयपीएल लिलावात त्याला कुणीच घेतलं नाही. मे महिन्यात घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलं. मग बंगळुरूच्या संघात एक खेळाडू जखमी झाला, बदली म्हणून रजतला फोन आला आणि लग्न पुढे ढकललं. २५ मे रोजी ईडन गार्डन्सवर, हरलं की घरी अशा सामन्यात, त्याने ५४ चेंडूंत नाबाद ११२ केल्या. महिन्याभराने तो मध्य प्रदेशकडून रणजी अंतिम सामन्यात उतरला, समोर मुंबई, आणि तिथेही शतक, १२२. पुढे त्याच बंगळुरूचा तो कर्णधार झाला आणि जून २०२५ मध्ये त्यांना पहिला आयपीएल चषक मिळाला.

त्याच रणजी सामन्याच्या दुसऱ्या डावात मुंबईचे चार गडी बाद करणारा कुमार कार्तिकेयही असाच. उत्तर प्रदेशातून पंधराव्या वर्षी घर सोडलेला, रात्री कारखान्यात काम करून दिवसा सराव करणारा, बसचे पैसे वाचवायला चालत जाणारा. मुंबई इंडियन्सनेही त्याला घेतलं ते हंगामाच्या मध्येच, एका जखमी खेळाडूच्या जागी. नाव झाल्यावर तो घरी गेला, ते नऊ वर्षांनी. मला, आई म्हणून, ही गोष्ट थोडी टोचते. नऊ वर्षं! इतकं करायला मी माझ्या मुलीला सांगणार नाही. आणि मार्गदर्शक कोण, तर आपले चंद्रकांत पंडित. १९९९ मध्ये त्याच बंगळुरूच्या मैदानावर ते मध्य प्रदेशचे कर्णधार असताना अंतिम सामना हातातून गेला होता. तेवीस वर्षांनी त्याच मैदानावर चषक मिळाला, तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते.

सगळं सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की या सगळ्यांत मी स्वतःची गोष्ट लपवते आहे.

मी दहावीत असताना खो-खो खेळायचे. आमच्या शाळेचा संघ चांगला होता. बारा मुलींचा संघ, नऊ मैदानात, तिघी बाहेर. एका मोठ्या स्पर्धेला माझं नाव त्या तिघींत लागलं. मी मल्लासारखी अकडले. पहिल्या दिवशी तोंड फुगवून बसले, दुसऱ्या दिवशी गेलेच नाही. त्या तिघींतलीच एक मुलगी मल्हारगंजाहून यायची, माझ्यापेक्षा हळू पळायची, हे मी आजही शपथेवर सांगेन. ती मात्र सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मैदानावर फक्की मारत होती, खांब हलतात का ते बघत होती. गरम होताना एकीचा पाय मुरगळला. बाईंनी मागे वळून पाहिलं, तर ती समोर, हाताला चुना लागलेला. त्या सामन्यात तिने तिघींना बाद केलं. नंतर ती राज्याकडून खेळली. मी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला माझ्यावर कसा अन्याय झाला, ते तीस वर्षं सांगत आले. सईलाही तसंच सांगितलं होतं. म्हणून तर ती गाडीत जाऊन बसली, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

हे मी तिला स्टेडियमच्या फाटकासमोर, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी सांगितलं. ती बराच वेळ पेल्यातला बर्फ हलवत राहिली. "म्हणजे तू खोटं बोललीस."

"हो."

"आजीला माहीत होतं?"

"आजीनेच तर मला त्या दिवशी घरी ठेवून घेतलं होतं."

यावर ती जे हसली, त्याने गेल्या दोन महिन्यांतला अबोला निम्मा तरी उतरला.

परतायच्या आदल्या दिवशी काका आम्हाला सकाळी चिमणबागेच्या मैदानावर घेऊन गेले. धुक्यात पांढऱ्या कपड्यांतली मुलं दिसत होती, दोन-चार मुलीही होत्या. काकांच्या ओळखीच्या एका प्रशिक्षकांनी सईला विचारलं, "बॅटिंग करायची?" तिने मान हलवली आणि फलंदाजाच्या मागे, जाळीपलीकडे सुटलेले चेंडू गोळा करणाऱ्या पोरांत जाऊन उभी राहिली. अर्धा तास ती तेच करत होती. चेंडू उचलायचा, पुसायचा, गोलंदाजाकडे फेकायचा. सुरुवातीला तिची फेक मध्येच दोन टप्पे खायची. काका माझ्याशेजारी बाकावर बसून मोजत होते. विसाव्या का एकविसाव्या फेकीला चेंडू थेट गोलंदाजाच्या हातात गेला. त्या मुलाने मागे वळून "सही!" म्हटलं आणि पुन्हा रनअपवर गेला.

घरी येताना तिने काकांना विचारलं, "नानाआजोबा, विमान दुपारचं आहे ना? मग उद्या सकाळी किती वाजता?"

"साडेपाच," काका म्हणाले. "पण मफलर घालून ये."