सुटा कागद

इ. स. १५४२ च्या डिसेंबरात, दहा तारखेला, संत इग्नेशिअस लोयोला यांनी रोमहून पीटर फाबर यांना एक पत्र लिहिले. फाबर तेव्हा जर्मनीत होते. (२०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.) पत्राचा विषय होता, पत्र कसे लिहावे. दूरदेशी पांगलेल्या येशूसंघीय बंधूंची पत्रे आली की रोममधील स्नेही मंडळी ती पाहायला मागत. दाखवली नाहीत तर रुसत. आणि दाखवावीत, तर एका ओळीत सेवाकार्याची वार्ता आणि लगेच दुसऱ्या ओळीत भलतेच काहीतरी, परक्याच्या डोळ्यांसमोर ठेवू नये असे. म्हणून इग्नेशिअस यांनी व्यवस्था घालून दिली. मुख्य पत्र असे असावे की ते कोणाच्याही हाती देता यावे. तेही एकदा लिहून, तपासून, पुन्हा स्वच्छ उतरवलेले. बाकीचे सारे वेगळ्या, सुट्या कागदावर लिहावे. या सुट्या कागदाला स्पॅनिश भाषेत ‘इहुएला’ म्हणत. आपण स्वतःही मुख्य पत्र दोनदा लिहितो, असे ते सांगतात. कारण बोललेले सावरता येते, लिहिलेले मागे उरते.

सेमिनरीत हा नियम आम्हांला संघाच्या कारभाराचा एक भाग म्हणून शिकवला गेला. अलीकडे मात्र आमच्या धर्मग्रामातील आयांशी बोलताना तो वारंवार आठवतो.

संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. १५ जानेवारी १५४४ रोजी त्यांनी कोचीनहून रोममधील आपल्या सोबत्यांना लिहिलेले पत्र पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये फ्रेंच भाषेत छापून निघाले. हे ‘मुख्य पत्र’. त्याच वर्षी मोत्यांच्या किनाऱ्यावर राबताना त्यांनी आपले सहकारी फ्रान्सिस्को मान्सिल्यास यांना ज्या चिठ्ठ्या पाठवल्या, त्या निराळ्याच आहेत. त्यांत थकवा आहे, काळजी आहे, लोकांशी धीराने वाग असा पुनःपुन्हा केलेला आग्रह आहे, पोर्तुगीज अंमलदारांच्या जुलमाविषयीचा संताप आहे. एकाच माणसाची एकाच काळातली ही दोन अंगे; पॅरिसच्या वाचकांपुढे त्यांतले एकच आले. यात काही लबाडी होती असे आम्हांला वाटत नाही. रागाचे कारण ठाऊक असलेल्या माणसालाच राग सांगितला, एवढेच.

आणि झेवियर यांना एकटेपणा नव्हता असे कोणी समजू नये. १५४६ साली मोलुक्कसमधील अंबोइनाहून लिहिताना त्यांनी कळवले आहे की, सोबत्यांच्या पत्रांतील त्यांनी स्वहस्ते लिहिलेली नावे आपण कापून घेतली असून ती सदैव जवळ बाळगतो. पत्र वाचून संपते. पण हाताचे वळण जवळ राहते. परदेशी राहणाऱ्याची भूक कशाची असते, ते या कात्रणांवरून जितके कळते तितके आमच्या पाच प्रवचनांतूनही कळणार नाही.

खासगी पत्र जगापुढे येण्याची गोष्ट फादर थॉमस स्टीफन्स यांच्याही बाबतीत घडली. ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून ते आपल्या घरातले, पण १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्याला पोहोचले तेव्हा ते घरापासून तुटलेले एक इंग्रज तरुण होते. १० नोव्हेंबरला त्यांनी लंडनमधील आपल्या वडिलांना प्रवासाची हकीकत लिहिली. लिस्बनहून सुटल्यापासून सहा महिन्यांहून अधिक काळ चाललेला समुद्रप्रवास, हिरड्या सुजवणारा रोग, वाटेत दिसलेले पक्षी आणि मासे. हे पत्र १५८९ साली रिचर्ड हॅक्लुइट यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले गेले. बापासाठी लिहिलेले पत्र व्यापारी आणि खलाशी वाचू लागले. मुलाला कोणी विचारले असेल, असे संभवत नाही; विचारायचे म्हटले तरी उत्तर यायला वर्षाहून अधिक काळ लागला असता.

मराठी माणसाला याहून जवळची गोष्ट आनंदीबाई जोशी यांची. १८७८ साली गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र रॉयल वाइल्डर यांच्या अमेरिकेतील नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी ते दातांच्या डॉक्टरांकडे बसल्या असता वाचले आणि एका अनोळखी हिंदू मुलीला पत्र लिहायला घेतले. उघड झालेल्या पत्रातून आनंदीबाईंना परदेशात एक घर मिळाले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र फिलाडेल्फियाहून त्यांनी पतीला जे लिहिले, त्यात लहानपणी सोसलेल्या माराचाही उल्लेख आहे. तोही आज ग्रंथांतून कोणालाही वाचता येतो. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी वारल्या. ते शब्द एकाच माणसाने वाचावेत, म्हणून लिहिले होते. इतिहासाचा लाभ झाला खरा. तरीही त्या ओळी वाचताना आपण दाराआडून ऐकत आहोत, ही जाणीव आम्हांला सुटत नाही.

आता आपल्या वसईकडे येऊ. आपली मुले आखातात आहेत, कॅनडात आहेत, बोटींवर आहेत. पूर्वी निळ्या आंतरदेशीय पत्राप्रमाणे परदेशचे हलके हवाईपत्र यायचे आणि ते वाचून दाखवायला आई आमच्यासारख्याकडे यायची. आज मुलगी स्वयंपाकघरात मोबाइल उभा करते आणि आपला दिवस हजारो अनोळखी माणसांना सांगते. यात केवळ दिखाऊपणा आहे, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. बर्फात चार महिने घरात कोंडलेल्या माणसाला कोणीतरी ऐकत आहे, एवढे पुरते.

आमच्या धर्मग्रामातील एक माता मध्यंतरी भेटायला आली. (तिची आणि तिच्या मुलीची, दोघींची परवानगी घेऊन, ओळखीच्या खुणा पुसून हे लिहीत आहोत.) मुलगी कॅनडात. तिचा गर्भ चौथ्या महिन्यात गेला. तिने ते चित्रफितीत सांगितले, रडत रडत सांगितले. “फादर,” आई म्हणाली, “माझी पोर रडली, ते मला बाजारात मासळीवालीने सांगितलं. तिला ठाऊक, साऱ्या आळीला ठाऊक. मी पापलेटाचा भाव विचारत होते.”

पुढे मुलीशी आमचे फोनवर बोलणे झाले. आम्ही उपदेश केला नाही, विचारले. ती म्हणाली, “फादर, आईला सांगितलं की ती रात्रभर झोपत नाही, मग मला तिची काळजी. ती सगळी माणसं ऐकतात आणि झोपी जातात. मला तेच हवं होतं.”

या उत्तरापुढे आम्ही बराच वेळ गप्प राहिलो. पापनिवेदनाच्या जाळीमागे बसणाऱ्याला हे कळते: जो आपल्यामुळे जागणार नाही, त्याच्यापाशी काही गोष्टी सोप्या होतात. पण जाळीमागचे बाहेर जात नाही, आणि ही चित्रफीत मासळीबाजारात पोहोचली. शिवाय तिच्या दुःखात तिचा नवराही होता. त्याने त्या मुलाविषयी कोणापाशीच एक शब्द काढला नव्हता. कामावरच्या माणसांनी त्याला सांत्वन करायला गाठले, तेव्हा तो सुट्टी घेऊन घरी बसला. आपले खासगी आयुष्य म्हणून जे आपण सांगतो, त्यात दुसऱ्याचे किती असते, याचा हिशेब आधी कोणी करत नाही. आखातातल्या मुलांना तर कायद्याचाही धाक आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ च्या कायद्यानुसार परवानगीवाचून दुसऱ्याचे छायाचित्र काढून त्याच्या खासगी जीवनाचा भंग करणे हा गुन्हा आहे. मालकाच्या घरातली गंमत गावी पाठवणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे.

त्या मुलीला आम्ही इग्नेशिअस यांच्या सुट्या कागदाची गोष्ट सांगितली. ती हसली. “म्हणजे आईसाठी वेगळं पान?” तिने चित्रफिती करणे सोडलेले नाही, सोडावे असे आम्ही म्हटलेही नाही. स्वयंपाकाच्या असतात; परवा तिने तिकडच्या भाज्या घालून आपल्या नाताळच्या वड्या केल्या होत्या.

पुढच्या महिन्यात तिची आई पुन्हा आली ती मृतांसाठी मिस्सा सांगायला. जन्माला न आलेल्या नातवाला नाव काय द्यावे, याची मायलेकींनी पत्राने चर्चा केली होती. खऱ्या, हाताने लिहिलेल्या, टपालाने आलेल्या पत्राने. नाव तिने आमच्या कानात सांगितले. पत्र तिच्या पिशवीत होते, पिवळ्या लिफाफ्याचा कोपरा दिसत होता. तिने ते बाहेर काढले नाही, आम्हीही मागितले नाही.