बोलतं थिएटर

दिवे गेले, पहिला लघुपट सुरू झाला आणि दोनच मिनिटांत माझ्या शेजारच्या बाई पडद्याशी बोलायला लागल्या. "नको गं, त्या घरात परत जाऊ नकोस," असं पडद्यावरच्या मुलीला चांगलं मोठ्याने सांगत होत्या. मागच्या रांगेतून कुणीतरी त्यांना दुजोरा दिला आणि अख्खं थिएटर हसलं. मी पुण्याच्या फिल्म सोसायटीत सिनेमा बघायला शिकले. तिथे चॉकलेटचा कागद वाजला तरी माना वळायच्या. बाईंना गप्प करायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात लेकीने माझा हात दाबला. "आई, इथे असंच बघतात."

ही गोष्ट २०२३च्या ऑगस्टमधली. वेस्ट फिलाडेल्फियात, पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या आवारात ब्लॅकस्टार चित्रपट महोत्सव भरला होता. मुलीने स्वयंसेवक म्हणून नाव दिलं, तिच्या आग्रहाने मीही दिलं. दारात उभं राहून तिकिटं बघायची, खेळ सुरू झाला की आत जाऊन बसायचं, एवढंच काम. आनंदीबाई जोशी १८८६ साली याच शहरात डॉक्टर झाल्या, फिलाडेल्फियाबद्दल माझी माहिती तिथेच संपत होती.

गोंधळ नावापासूनच सुरू झाला. 'स्टार' म्हणजे नट-नट्या, असं मी धरून चालले होते. पण हे नाव आलं आहे एका जहाज कंपनीवरून. मार्कस गार्वी यांनी १९१९मध्ये काळ्या लोकांच्या मालकीची 'ब्लॅक स्टार लाइन' काढली होती, ती ही. माओरी कार्मेल होम्स यांनी २०१२मध्ये महोत्सव सुरू केला. कृष्णवर्णीय, तपकिरी आणि मूलनिवासी दिग्दर्शकांचं काम इथे दाखवतात.

पडद्याशी बोलण्याचं कोडं दुसऱ्या दिवशी सुटलं. आजोळी कीर्तनाला बसायचो ते आठवलं. बुवांनी अर्धी ओळ म्हणायची, उरलेली मंडपाने पुरी करायची. तिथे गप्प बसणारा माणूस परका वाटायचा. काळ्या लोकांच्या चर्चमधलं प्रवचनही तसंच चालतं आणि तीच सवय थिएटरात येते. तिसऱ्या दिवशी एका माहितीपटात मीही मोठ्याने "अगदी बरोबर" म्हणाले, तेही मराठीत. शेजारच्या मुलाला शब्द कळला नाही, पण त्याने मान डोलावली.

माझा खरा प्रश्न वेगळाच होता आणि तो मी जेवणाच्या सुट्टीत एका तरुण दिग्दर्शिकेला विचारला. सिनेमा चांगला असतो किंवा वाईट, त्यात रंग कशाला आणायचा? ती चिडली नाही. तिने ज्युली डॅश यांचं नाव घेतलं. 'डॉटर्स ऑफ द डस्ट' हा त्यांचा चित्रपट १९९१चा. आफ्रिकी-अमेरिकी स्त्रीने दिग्दर्शित केलेला आणि अमेरिकेत सर्वत्र रीतसर प्रदर्शित झालेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. "तोवर अमेरिकेत सिनेमाला शंभर वर्षं होत आली होती. एवढ्या काळात आमच्या एकाही बाईला चांगला सिनेमा काढता आला नसेल, असं वाटतं तुम्हाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०१०मध्ये दिग्दर्शिका एव्हा डूव्हर्ने यांनी काळ्या चित्रपटांचे महोत्सव भरवणाऱ्यांनाच एकत्र आणलं आणि वितरणाची साखळी उभी केली, कारण नेहमीचे वितरक हे चित्रपट उचलत नव्हते. म्हणजे मला जी चार दिवसांची हौस वाटत होती, ती खरं तर या लोकांची पेठ होती. खरेदीदार, समीक्षक, पुढच्या चित्रपटाचा कॅमेरामन, सगळे इथेच भेटतात.

मग तिने मोबाइलवर दोन फोटो दाखवले. बाई तीच, खिडकी तीच. पहिल्यात दिव्याचा झोत सरळ तोंडावर मारलेला. कपाळ चमकतंय, गाल काळोखात गेलेत, डोळे दिसत नाहीत. दुसऱ्यात तोच दिवा पांढऱ्या फळ्यावर मारून उजेड बाजूने परतवलेला आणि गालाला तेलाचा हात फिरवलेला. आता गालाचं हाड, ओठाजवळची सुरकुती, डोळ्यांखालची निळसर छटा, सगळं उमटलं होतं. तिने सांगितलं की रंगीत फिल्मचे रंग जुळवायला कोडॅक प्रयोगशाळांना एका गोऱ्या बाईचा फोटो पाठवत असे, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या बाईची त्वचा बरोबर आली की रंग बरोबर आले. बाकीच्यांचं काय होतं, ते कित्येक वर्षं कुणी तपासलंच नाही.

मला माझ्या लग्नाचा अल्बम आठवला. माझी आत्या सावळी. प्रत्येक ग्रुप फोटोत तिच्या जागी शालूची जर दिसते, नथ दिसते आणि चेहऱ्याच्या जागी नुसती सावली. "आत्याचे फोटो चांगले येत नाहीत," असं घरात सगळे म्हणायचे, आणि शेवटी तीच कॅमेऱ्यापासून लांब उभी राहायला लागली. आत्या आता नाही. तिचा चेहरा धड दिसेल असा एकही फोटो आमच्याकडे नाही, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता, हे मला पन्नाशीत, परक्या शहरात कळलं. त्या संध्याकाळी मी फार कमी बोलले.

शेवटच्या दिवशी पहिल्या खेळातल्या त्या बाई पुन्हा भेटल्या. ओसेज ॲव्हेन्यूवर माझं कुणी ओळखीचं आहे का, असं त्यांनी विचारलं. मी रस्त्याचं नावही ऐकलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. १३ मे १९८५ रोजी फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी हेलिकॉप्टरमधून त्या रस्त्यावरच्या 'मूव्ह' या काळ्या लोकांच्या संघटनेच्या घरावर बॉम्ब टाकला आणि आग पसरू दिली. ११ माणसं गेली, त्यांत ५ मुलं. ६१ घरं जळली. हे सगळं महोत्सवाच्या जागेपासून काही मैलांवर. बाईंनी धूर स्वतः पाहिला होता. घरी जाऊन मी लुई मसाया यांचा १९८६चा 'द बॉम्बिंग ऑफ ओसेज ॲव्हेन्यू' हा माहितीपट शोधून पाहिला. मसाया याच शहरातले. शेजाऱ्यांच्या तोंडून ही हकीकत ऐकायची, तर कॅमेरा अशाच माणसाच्या हातात असायला हवा होता. 'त्यात रंग कशाला' या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

एक गोष्ट मात्र अजून टोचते. या महोत्सवात माझी गणना तपकिरी लोकांत झाली. दाराशी सगळ्यांनी आपली म्हणून जवळ केलं आणि ते मला फार आवडलं. पण महाराष्ट्रात मी सवर्ण घरातली. आमच्या फिल्म सोसायटीत मी जवळजवळ सगळा युरोप पाहिला, पण दलित दिग्दर्शकाचा एक चित्रपट कधी पाहिल्याचं आठवत नाही, आणि ते कुणाला खटकलंही नाही. पुढे 'फँड्री' पाहिला. त्याच्या शेवटी त्यातला दलित मुलगा जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर. तेव्हा मला तो शेवट 'प्रभावी' वाटला होता. आता तो दगड कुणासाठी होता ते कळतं. फेब्रुवारी २०१९मध्ये न्यूयॉर्कला दलित चित्रपट आणि सांस्कृतिक महोत्सव झाला, तोही बाबासाहेब जिथे शिकले त्या कोलंबिया विद्यापीठात. मी तेव्हा दोन तासांच्या अंतरावर राहत होते. गेले नाही.

काळ्यांचा आणि दलितांचा हा धागा काही मी नव्याने जोडत नाही. जोतीरावांनी १८७३मध्ये आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६मध्ये बाबासाहेबांनी काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. तेच डू बॉइस, ज्यांनी फिलाडेल्फियाच्या काळ्या वस्तीत दारोदार फिरून १८९९मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, तोही पेनसिल्वेनिया विद्यापीठासाठी. आणि डूव्हर्ने यांच्या 'ओरिजिन'मध्ये बाबासाहेब पडद्यावर येतात. तो चित्रपट मी नंतर थिएटरात पाहिला. वर्गाबाहेर बसवलेला लहान भीमराव दिसला तेव्हा पुढच्या रांगेतली एक काळी आजी मोठ्याने "अरे देवा" म्हणाली. मी आता दचकले नाही.

फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, डेलावेअरमधल्या मराठी मंडळींना माझं एक सांगणं आहे. मंडळाच्या गणपतीला आपण जातोच. ऑगस्टमध्ये एक दिवस ब्लॅकस्टारला जा, आणि तिकीट काढून जा. पहिल्यांदा जाणार असाल तर लघुपटांचा खेळ निवडा, त्याला दिग्दर्शक बहुधा स्वतः हजर असतात आणि नंतर थांबून बोलतात. मुलांना बरोबर न्या. शेजारचं कुणी पडद्याशी बोलायला लागलं तर त्यांना बोलू द्या.