मुंगीची ओळख

नीतिसूत्रांत आळशी मनुष्यास मुंगीकडे धाडिलें आहे. परंतु कोणत्या मुंगीकडे? तांबडी चावते, काळी चावत नाहीं, येथेंच आमचें मुंगीशास्त्र संपतें! ब्राझील देशांत मनाउस नगराजवळील अरण्याच्या पालापाचोळ्यांत २००३ सालीं क्रिश्चन राबेलिंग यांस एक मुंगी सांपडली. लांबी २-३ मिलिमीटर, वर्ण फिकट, डोळे मुळींच नाहींत, जबडे चिमट्यासारखे लांब. ज्ञात उपकुलांपैकीं एकांतही ती बसेना. १९९८ सालीं त्याच प्रदेशांत मिळालेल्या अशा दोन मुंग्या पुढें हातीं राहिल्या नव्हत्या. तेव्हां परीक्षेस हा एकच देह. तो सगळा परीक्षेंत खर्च करावा, तर पुरावाच नाहींसा व्हावयाचा! म्हणून तिचा पुढचा एक पाय तेवढा घेऊन त्यांतून डीएनए काढिलें. मुंग्यांच्या वंशवृक्षावर अगदीं बुडाशीं फुटलेली ही शाखा ठरली, आणि २००८ सालीं तिजसाठीं नवें उपकुल स्थापावें लागलें. हयात मुंगीवरून असें १९२३ नंतर घडलें नव्हतें. नांव ठेविलें ‘मार्शिआलिस ह्यूरेका’, म्हणजे ‘मंगळावरची, सांपडली!’ मंगळाशीं तिचा संबंध तिच्या विचित्र रूपापुरताच. आम्हांस मात्र नांवाहून त्या एका पायाचेंच कौतुक अधिक वाटतें. बाकीची मुंगी साओ पाउलोच्या प्राणिसंग्रहालयांत नव्हे, तर तेथील विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहांत जपून ठेविली आहे.