पौषातील विमान

सौंदडच्या थंडीचा परिचय ज्यांना केवळ वर्तमानपत्रातून आहे, त्यांना गोंदियाचा पारा आठ अंशांवर उतरल्याचे वाचून फार तर कपाटातील शाल आठवत असेल. आम्हांला आठवतो तो दुकानाचे शटर उचलताना तळहाताला बसणारा लोखंडाचा गारठा. धान कापून झालेले असते, बांध्या रिकाम्या पडलेल्या असतात, आणि साडेसातच्या सुमारास धुके विरू लागले की झाडाचे पानही हालत नाही. गेली दोन वर्षे या घटकेला मी व माझा मुलगा रिमोटवर चालणारे एक लहानसे विमान घेऊन बांधीत जातो. किराण्याचा व्यापारी दुकान उघडण्यापूर्वी विमान उडवतो, हे ऐकून कोणासही हसू यावे. मीही प्रथम हसलोच होतो.

विमान मुलाचे. ओवाळणीचे पैसे साठवून त्याने ते मागवले. फोमचे अंग, वजन किलोभरही नाही, नाकाशी विजेची मोटर. मी त्याला खेळणे म्हणालो, बाबूजी म्हणाले, "पैशाला पंख फुटले." परंतु मुलाच्या मनात काय आहे हे आम्ही दोघेही जाणून होतो. गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टी आहे. तेथे आता वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. ती लहान विमाने पाहत तो मोठा झाला. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित त्याने त्याचसाठी घेतले. घरात एकुलता एक नातू, दुकान तिसऱ्या पिढीचे. त्यामुळे हा विषय निघाला की बाबूजी जेवणाच्या ताटावरून उठत नसत इतकेच, पण बोलणे थांबवीत. मी मध्ये. दोघांनाही "पाहू" म्हणत असे.

थंडीत विमान उत्तम उडते, हे मला त्यानेच शिकवले. हवा थंड झाली की आकसते, घन होते. मे महिन्यातील त्रेचाळीस अंशांच्या हवेपेक्षा आठ अंशांची हवा सुमारे 12 टक्के अधिक घन असते. आपल्या भाषेत सांगायचे तर माप तेच, त्यात माल जास्त. पंखांना तेवढा अधिक आधार मिळतो, पंखा तेवढी अधिक हवा मागे लोटतो. शिवाय जमीन तापलेली नसल्याने वर उठणारे झोत नसतात. अशा सकाळी ते विमान हवेत ठेवल्यासारखे स्थिर जाते, आणि पाहणाऱ्याचा श्वास आपोआप सावकाश होतो.

पण तीच थंडी बॅटरीची वैरीण आहे. लिथियमच्या बॅटरीतील रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते आणि तिचा अंतर्गत विरोध वाढतो. मीटर लावला तर पूर्ण भरलेली, 12.6 व्होल्ट दिसते. मोटरने जोर मागताच दाब कोसळतो. अशा आसामी आपण बाजारात पाहिल्या आहेत. वहीत शिल्लक भरभक्कम, आणि हुंडी दारात आली की गल्ला रिकामा.

मागच्या पौषात माझ्याकडून हीच चूक झाली. मुलगा परीक्षेच्या अभ्यासात होता. "आज मी एकटा जातो" म्हणून मी निघालो. बॅटरी आदल्या रात्रीपासून पडवीत मोटारसायकलच्या डिकीत होती. विमान झेपावले छान. दुसऱ्या वळणावर मोटरचा आवाज तुटला. बॅटरीचा दाब फार उतरला की तिला वाचवण्यासाठी यंत्रणा मोटर बंद करते, पण रिमोटचा ताबा राहतो. म्हणजे विमान तरंगत उतरवता येते. मुलाने हजारदा सांगितले होते, "पप्पा, मोटर गेली तर नाक खाली ठेवा, वेग राहू द्या." मी भ्यालो आणि दांडी मागे ओढली. उंची जाऊ नये म्हणून नाक वर केले. वेग संपला, पंखांचा आधार सुटला, आणि विमान धुऱ्यावर कोसळून दोन तुकडे झाले. बोटे गारठली होती असे मी घरी सांगितले. ते खरेही होते, पण कारण ते नव्हते.

मुलगा काही बोलला नाही. तुकडे मांडीवर घेऊन गोंद लावत बसला. त्याचे ते न बोलणे मला फार लागले. रागावला असता तर बरे झाले असते.

त्या रात्री बाबूजींपुढेच तो मला राइट बंधूंची हकिगत सांगत होता. 17 डिसेंबर 1903 ची सकाळ अशीच कडाक्याची होती. किटी हॉकच्या वाळूत साचलेले पाणी गोठले होते. उड्डाणापूर्वी दोघे भाऊ झोपडीत शेगडीशी हात शेकत बसले. पहिले उड्डाण 12 सेकंदांचे, 120 फुटांचे. त्यांचे डेटन गावी सायकलींचे दुकान होते, आणि विमानाचा खर्च त्याच दुकानाच्या कमाईतून निघाला. बाबूजी माळ बाजूला ठेवून ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"ते दोघे तिकडे असताना दुकान कोण पाहत होते?"

मला वाटले मुलगा अडखळेल. तो म्हणाला, "दादाजी, चार्ली टेलर म्हणून कारागीर होता. त्याने दुकानही सांभाळले आणि विमानाचे इंजिनही त्यानेच बनवले."

बाबूजी "हं" म्हणाले आणि निजायला गेले.

गोंद वाळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी निघताना पाहतो तो बाबूजी कानटोपी घालून ओसरीवर उभे. बांधी त्यांनी अर्थातच पारखून घेतली. पलीकडच्या तलावावर थंडीचे पाणपक्षी उतरतात. त्या अंगाला विमान न्यायचे नाही, जीव घाबरून उठतात, असे त्यांनी बजावले. मुलगा मुळातच त्या बाजूला नेत नसे. तरी तो "हो दादाजी" म्हणाला.

बॅटरी अंगाच्या उबेत ठेवावी लागते. मुलगा ती लोकरी मोज्यात गुंडाळून स्वतःच्या स्वेटरात ठेवी. त्या दिवशी बाबूजींनी हात पुढे केला.

"मजजवळ दे. कोटाला आत खिसा आहे."

"दादाजी, त्या खिशात किल्ल्या आहेत ना? धातू लागला तर ठिणगी उडेल."

तिजोरीच्या किल्ल्यांचा तो जुडगा बाबूजींनी माझ्या हाती कधी दिला नव्हता. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. त्यांनी तो खिशातून काढला, क्षणभर पाहिला, आणि माझ्या हातावर ठेवला. मग मोज्यातली बॅटरी आत सरकवून कोटाची गुंडी लावली.

बांधीपर्यंतची वाट अर्ध्या कोसाची. दहिवराने तणस ओले होते. मागे गोंदिया-बल्लारशा मार्गावरची गाडी शिटी देऊन गेली. बाबूजी नातवाच्या जरा मागे, खिशावर हात ठेवून चालत होते. मधेच त्यांनी विचारले, "परवान्याला किती तास उडावे लागते म्हणालास?"

"दोनशे तास, दादाजी."

"आणि तासाचा भाव?"

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तो आकडे सांगू लागला.